किशोरांसाठी डार्क रोमँटिक थ्रिलर : नायक किती धोकादायक चालतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. १४ ते १८ वयाच्या वाचकांसाठी तुम्ही कादंबरी लिहिताय. सतरा वर्षांची नायिका निवासी शाळेत नव्याने आली आहे. आदल्या वर्षी तिथली एक मुलगी बेपत्ता झाली आणि तिला शेवटचं पाहणारा मुलगा म्हणजे तुमचा नायक. ५५ हजार शब्द लिहून झालेत. खर्डा वाचलेल्या सहा जणांपैकी तिघांना नायक किळसवाणा वाटला, तिघांना मिळमिळीत. या प्रकाराचे संकेत काय, 'डार्क' किती चालतं आणि शेवट गोड करावाच लागतो का, हे तुम्हाला हवं आहे.

मतं अशी मधोमध फाटली की लेखक सहसा काळोखाचं प्रमाण कमीजास्त करत बसतो. तिथे सहसा काही सापडत नाही. दोष बहुधा असा असतो की प्रेमकथा आणि रहस्य आपापल्या रुळांवरून धावतायत. प्रेमाच्या प्रकरणांत नायक हळवा, रहस्याच्या प्रकरणांत भीतीदायक. ज्या वाचकाच्या डोक्यात जी प्रकरणं राहिली, तसा त्याला नायक दिसला. खरं तर या प्रकारात प्रश्न एकच असतो : या माणसावर विश्वास ठेवू का? प्रेमकथाही तेच विचारते आणि थ्रिलरही तेच. म्हणून दोन्हींचं उत्तर एकाच गुपितात दडलेलं हवं.

एक जुना दाखला इथे कामाचा आहे. 'गॅसलायटिंग' हा शब्द ज्यावरून आला, ते पॅट्रिक हॅमिल्टन यांचं 'गॅस लाइट' हे नाटक १९३८ चं. नवरा वरच्या बंद मजल्यावर गुपचूप दागिने शोधायला जातो, तिथले दिवे लावतो आणि खालच्या खोलीतली ज्योत मंदावते. बायकोला ते दिसतं. तो मात्र तिला वेड लागत चालल्याचं तिच्या मनावर ठसवत असतो. ती मंदावणारी ज्योत एकाच वेळी दोन गोष्टींचा पुरावा आहे : घरात गुन्हा चाललाय याचा, आणि हे नातं खोटं आहे याचा. लेखकाला दोन धागे वेगळे ओढावेच लागत नाहीत. तुमच्या कादंबरीत अशी ज्योत कोणती, हे आधी ठरवा.

सध्या तुमचा नायक गप्प का राहतो? तुमच्या सारांशात लिहिलंय, 'कारण तो आतून दुखावलेला आहे.' हा झाला स्वभाव. गुपित म्हणजे अशी माहिती, जी बाहेर आली तर कुणाचं तरी ठोस नुकसान होईल. समजा, ती बेपत्ता मुलगी जिवंत आहे, तिला पळून जायला त्यानेच मदत केली आणि कुणालाही न सांगण्याचा शब्द दिला. (तुमचं गुपित वेगळं असू द्या, मी पुढची उदाहरणं यावरून देते.) आता त्याचं प्रत्येक खोटं तिला वाचवण्यासाठी आहे आणि तेच खोटं त्याला गुन्हेगार ठरवतंय. नायिकेवरचं प्रेम जितकं वाढेल, तितकं गप्प राहणं महाग पडेल. इथून कथा आपल्या बळावर चालायला लागते.

गुपित ठरलं की एक कंटाळवाणं पण हुकमी काम करा. वहीच्या पानाचे तीन उभे भाग पाडा. पहिल्यात नायकाचं प्रत्येक संशयास्पद कृत्य, दुसऱ्यात 'तो दोषी असेल तर याचा अर्थ', तिसऱ्यात 'निर्दोष असेल तर याचा अर्थ'. साठ हजार शब्दांच्या कादंबरीला अशी आठ ते बारा कृत्यं पुरतात. रात्री त्याचे बूट ओले असतात : दोषी असेल तर मागच्या तळ्यापाशी काहीतरी लपवतोय, निर्दोष असेल तर तळ्यापलीकडे कुणाला तरी सामान पोचवतोय. त्याच्याकडे दुसरा फोन सापडतो : दोषी असेल तर तो त्या मुलीचा, निर्दोष असेल तर तिच्याशी बोलायचा. दोन्ही अर्थ त्या त्या पानापर्यंत वाचकाला दिलेल्या माहितीवर तितकेच शक्य वाटले पाहिजेत. फक्त दुसरा रकाना भरतोय आणि तिसरा रिकामा राहतोय, तिथे वाचकाला तो किळसवाणा वाटणार. फक्त तिसराच भरतोय, तिथे मिळमिळीत. तुमच्या सहा वाचकांचा तंटा बहुधा या कागदावरच मिटेल.

आता प्रत्यक्ष वाक्यांकडे येऊ. तुम्ही दिलेल्या उताऱ्यात नायिका तळघराकडे निघते आणि नायक तिला अडवतो :

'त्याने तिचं मनगट घट्ट आवळलं. "तू कुठेही जाणार नाहीस." तिच्या काळजाचा ठोका चुकला.'

ठोका भीतीने चुकला की प्रेमाने, हे लेखकालाच माहीत नाही. म्हणजे पुस्तक सांगतंय की दोन्ही एकच. चौदा वर्षांच्या वाचकाला हे सांगणं मला मान्य नाही, पण ते बाजूला ठेवा. कारागिरी म्हणूनही हा उतारा दुबळा आहे, कारण त्यात संशयच उरत नाही. तो दांडगाई करतोय हे उघड आहे, तेव्हा वाचकाने शोधायचं काय? हाच प्रसंग असा लिहून पाहा :

'त्याने तिचं मनगट धरलं. तिने हात मागे खेचला. तो सुटला, इतक्या सहज की तिलाच तोल सावरावा लागला.
"जिना तुटलाय," तो म्हणाला.
खाली अंधार होता. पहिल्या दोन पायऱ्यांपलीकडे काहीच दिसत नव्हतं.'

तीन गोष्टी बदलल्या. हात सोडवून घ्यायची ताकद तिच्याकडे राहिली आणि त्याने ती मानली. त्याने अडवायचं कारण दिलं, ते पटण्याजोगं आहे. आणि ते खरं की खोटं हे तिला आत्ता तपासता येत नाही. दुसऱ्या दिवशी ती टॉर्च घेऊन जाते आणि जिना शाबूत असतो. म्हणजे तो खोटं बोलला. पण ज्याने क्षणात हात सोडला, तोच खोटं बोलला. वाचक या दोन गोष्टींच्या मध्ये अडकतो, आणि तुम्हाला तो तिथेच अडकलेला हवा आहे. दुसऱ्या उताऱ्यात बळजबरी कमी झाली तरी भीती वाढली, हेही लक्षात घ्या.

यातून एक मोजपट्टी निघते. नायकाचं धोकादायक असणं तो काय लपवतो यात असावं, नायिकेला तो कसं वागवतो यात नसावं. फोन तपासणं, मैत्रिणींपासून तोडणं, मत्सराला प्रेमाचा दाखला मानणं, झोपेत खिडकीतून येऊन पाहत बसणं, 'तू गेलीस तर मी जीव देईन' म्हणणं या गोष्टी या प्रकारात वर्षानुवर्षं प्रेमाची खूण म्हणून खपल्या. त्या पुस्तकात येऊच नयेत असं मी म्हणत नाही. याच विषयावर उत्तम थ्रिलर होतो. पण त्या आल्या तर नायिकेला त्या कुठेतरी खटकल्या पाहिजेत, मग तिने ते मनातून झटकलं तरी चालेल. दुसऱ्या एखाद्या पात्राने एका साध्या वाक्यात त्यावर बोट ठेवलं पाहिजे. आणि करणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागली पाहिजे. त्याच कृत्याचं बक्षीस म्हणून शेवटी त्याला नायिका मिळाली, तर मधली सगळी सूचकता वाया गेली. उलट टोकाला, समुपदेशक बाईंचं दोन पानी भाषणही नको. या वयाच्या वाचकाला उपदेशाचा वास दोन ओळी आधीच येतो आणि तो पान उलटतो.

'डार्क किती' याचं उत्तर काही अंशी परिस्थितीवर आहे. तेरा-चौदा वर्षांचे वाचक समोर असतील तर एक पट्टी, सतरा-अठराचे असतील तर दुसरी. छापील पुस्तकाचा प्रकाशक आणि ऑनलाइन मालिका छापणारा मंच यांचे नियमही वेगळे असतात, ते आधी वाचून घ्या. शिवाय किशोर वाचक साधारण आपल्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या पात्रांबद्दल वाचतात. नायिका सतराची असेल तर पुस्तक चौदाच्या हातात जाणार, हे धरूनच लिहा.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर सोडायच्या नाहीत. पात्रं अठराच्या आतली आहेत, तेव्हा शारीरिक संबंधांचं वर्णन नाही, सूचकही नाही. चुंबन, हात हातात घेणं, एकमेकांच्या शेजारी जागून काढलेली रात्र इथवर पुरतं. या प्रकारात ओढ वाढते ती अडथळ्यामुळे. विश्वास ठेवता येत नसलेल्या माणसाशेजारी बसून राहणं, हा पुरेसा मोठा अडथळा आहे. नायक-नायिकेच्या वयात वर्ष-दोन वर्षांहून जास्त अंतर नको. शिक्षक, प्रशिक्षक किंवा कुठलाही प्रौढ माणूस प्रेमाचा नायक नाही. तो कथेत येऊ शकतो, पण धोका म्हणून.

आत्महत्या किंवा स्वतःला इजा करून घेणं कथेत असेल तर पद्धत, साधन, प्रमाण यांचा तपशील देऊ नका, आणि ती गोष्ट सुटका किंवा सूड म्हणून रंगवू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये चित्रपट आणि रंगभूमीवर काम करणाऱ्यांसाठी याच विषयावर मार्गदर्शिका काढली आहे. कादंबरीकारालाही ती तशीच लागू पडते. पुस्तकाच्या सुरुवातीला चार ओळींची आशय-सूचना द्या. 'या कथेत एका मुलीचं बेपत्ता होणं, मारहाण आणि पाळत ठेवणं यांचे प्रसंग आहेत' इतकी साधी पुरे. रहस्य फुटेल असं काही त्यात लिहू नका.

रक्तपाताबद्दल जुन्या इंग्लिश भयकादंबरीकार ॲन रॅडक्लिफ यांचा एक भेद वापरण्याजोगा आहे. त्यांच्या मृत्यूनंतर १८२६ मध्ये छापलेल्या लेखात त्या धास्ती आणि किळस वेगळ्या काढतात : धास्तीने मन ताणलं जातं, जागं होतं; किळसेने ते गोठतं. किशोर थ्रिलर पहिल्यावर चालतो. खुनाचा क्षण तीन ओळींत संपवा आणि नंतरच्या गोष्टींना जागा द्या : रिकामा पलंग, हजेरीत न घेतलेलं नाव, तिच्या चपला अजून दाराशीच. जखमेचं वर्णन वाचक विसरतो, दाराशी राहिलेल्या चपला विसरत नाही.

आता बांधणी. इंग्रजी पुस्तकांच्या बाजारात किशोर थ्रिलर साधारण साठ ते नव्वद हजार शब्दांचे असतात. पण मराठीत विभक्ती प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे तीच कथा कमी शब्दांत बसते. ५५ हजारांवर तुम्ही तोकडे पडलेले नाही. मी शब्दांपेक्षा टक्क्यांत मोजते. पहिल्या दहा टक्क्यांत दोन गोष्टी व्हायला हव्यात : धोका दिसला पाहिजे आणि दोघांची पहिली भेट झाली पाहिजे, शक्यतो एकाच प्रसंगात. पंचवीसच्या आसपास नायिकेला परत फिरता येणार नाही असा निर्णय घ्यावा लागतो. तो तिने स्वतः घ्यावा, तिच्यावर येऊन आदळू नये. मध्यावर विश्वासाचा सर्वांत उंच क्षण आणि त्याच प्रसंगात त्याला तडा देणारी वस्तू. पंचाहत्तरला नायकाविरुद्धचा पुरावा पूर्ण होतो आणि ती त्याच्यापासून तुटते. पंचाऐंशी ते ब्याण्णव क्लायमॅक्स.

उरलेला भाग बहुतेक खर्ड्यांत दीड पानात उरकलेला असतो, आणि तिथेच मोठी चूक होते. किशोर वाचकाला नंतरचं बघायचं असतं. पुन्हा वर्गात कसं बसायचं, आईबाबांना काय सांगितलं, झोप लागते का. या सगळ्याला पाच-सहा टक्के, म्हणजे तुमच्या कादंबरीत साधारण तीन हजार शब्द द्या.

प्रकरण दीड ते अडीच हजार शब्दांचं ठेवा. प्रत्येक प्रकरण किंकाळीवर संपवायचा मोह टाळा. चौथ्या किंकाळीला वाचक नुसता पान उलटतो, दचकत नाही. एक प्रकरण शोधावर, एक निर्णयावर, एक न दिलेल्या उत्तरावर संपू द्या. चित्रपट दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी दिलेलं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण तुम्ही ऐकलं असेल : बॉम्ब अचानक फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का, आणि तो आहे हे प्रेक्षकाला आधीच कळलं तर पंधरा मिनिटांचा सस्पेन्स. प्रथमपुरुषी निवेदनात वाचकाला नायिकेपेक्षा जास्त कसं कळणार, असा प्रश्न पडेल. तिच्या डोळ्यांसमोर वस्तू ठेवा आणि अर्थ लावायला तिला उशीर करू द्या. 'माझ्या कपाटाला नवीन कुलूप होतं, वॉर्डनने बदललं असेल.' बस. वाचकाला कळलं, तिला नाही.

याच युक्तीचा दुसरा भाग म्हणजे सुगावे कुठे पेरायचे. हळव्या प्रसंगात वाचक पुरावे शोधत नसतो, म्हणून महत्त्वाचे सुगावे तिथे ठेवा. दोघं पावसात अडकलेत, तो स्वतःचं जाकीट तिला देतो, खिशात हात घालताच तिला बसचं तिकीट, पेनाचं टोपण आणि एक केसांची क्लिप लागते. तीन वस्तूंच्या यादीत कामाची वस्तू मधली ठेवा. पहिली आणि शेवटची लक्षात राहते, मधली निसटते. इथे कामाचं आहे ते पेनाचं टोपण. क्लिपवरून नायिका चिडेल, वाचकही चिडेल आणि टोपण विसरलं जाईल. मोठा सुगावा तीन वेळा दिसायला हवा : एकदा बिनमहत्त्वाचा म्हणून, एकदा चुकीच्या अर्थाने, एकदा खऱ्या अर्थाने.

खरा गुन्हेगार पहिल्या चतुर्थांशात बोलता-चालता दिसला पाहिजे आणि त्यानंतरही दर दोन-तीन प्रकरणांनी. नायक धरून चार संशयित पुरतात. 'गोड स्वभावाचा मित्रच खुनी' हा ट्विस्ट आता इतका झिजलाय की प्रेमाच्या त्रिकोणातला दुसरा मुलगा पहिल्यांदा हसला की वाचक पैज लावतात. तो वापरायचाच असेल तर वाचकाचा संशय त्याच्यावर लवकर येऊ द्या, पक्का पुरावा देऊन तो पुसा, आणि नंतर तो पुरावाच खोटा निघू द्या. नाहीतर सरळ दुसरा गुन्हेगार शोधा, ते कमी कष्टाचं आहे.

बंद खोली हाही या प्रकाराचा जुना संकेत. फ्रेंच कथालेखक शार्ल पेरो यांच्या १६९७ च्या 'निळ्या दाढी'च्या कथेत नवरा किल्ली देतो आणि ती एक खोली उघडू नको म्हणतो. कथेला जोडलेलं तात्पर्य कुतूहलालाच दोष देतं. आजच्या किशोर थ्रिलरने हे उलटं केलंय : कुतूहलामुळेच तिचा जीव वाचतो. तुमच्या तळघराचं काम हेच आहे. पण ती खाली जाते तेव्हा तिच्याकडे काही योजना असू द्या. कुणाला तरी सांगून जाणं, दाराला अडसर लावणं, परत यायची वेळ ठरवणं. योजना फसली तर थरार. योजनाच नसेल तर वाचक तिला मूर्ख म्हणतो आणि त्याचं बरोबर असतं.

त्याला लागूनच मोठ्यांचा प्रश्न. 'ही आईला फोन का करत नाही?' हे वाचक पहिल्या वीस टक्क्यांत विचारतो आणि उत्तर तिथेच द्यावं लागतं. नेटवर्क नाही, हे उत्तर एकदाच चालतं. त्यापेक्षा तिने सांगितलं आणि मोठ्यांनी स्वतःच्या समजण्याजोग्या कारणासाठी दुर्लक्ष केलं, हे जास्त टिकतं : शाळेला बदनामी नको आहे, हिच्या जुन्या खोट्यामुळे आईचा हिच्यावरचा विश्वास उडालाय, तक्रार केली तर नायिकेलाच रात्री वसतिगृहाबाहेर पडल्याचं कबूल करावं लागेल. सगळे मोठे बिनडोक किंवा दुष्ट असले की जग कागदी होतं. किमान एक प्रौढ माणूस भरवशाचा ठेवा, तो उशिरा पोचला तरी चालेल.

निवेदनाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण खर्ड्यात दोन अडचणी दिसतात. पहिली : तुम्ही आलटून पालटून नायिका आणि नायक दोघांना 'मी' म्हणून बोलायला लावलंय. नायकाच्या डोक्यात शिरल्यावर तो गुपिताचा विचारच करत नाही, ही वाचकाची फसवणूक आहे. गुपित मोठं असेल तर नायकाला 'मी' देऊ नका. द्यायचाच असेल तर पंचाहत्तर टक्क्यांनंतर द्या, किंवा त्याने लिहून न पाठवलेली पत्रं ठेवा. पत्रात माणूस काय लिहायचं ते निवडतो, म्हणून तिथे लपवणं प्रामाणिक ठरतं. नायिका स्वतः लपवाछपवी करणारी निवेदक असेल तरी नियम तोच : तिने गोष्ट गाळावी, खोटं विधान करू नये. दुसऱ्या वाचनात प्रत्येक वाक्य खरं निघालं पाहिजे.

दुसरी अडचण खास मराठीची. तुमच्या मध्ये मध्ये येणाऱ्या अनोळखी पाळतखोराच्या तुकड्यांत पहिलंच वाक्य आहे, 'मी रोज तिच्या मागे जातो.' संपलं. क्रियापदानेच सांगितलं की तो पुरुष आहे, आणि अर्धे संशयित बाद झाले. मराठीत लिंग लपवता येतं, पण वाक्यं निवडून घ्यावी लागतात. सकर्मक भूतकाळात क्रियापद सहसा कर्त्याप्रमाणे बदलत नाही : 'मी दार लावलं', 'मी तिला पाहिलं', 'मी चिठ्ठी ठेवली'. भविष्यकाळ सुरक्षित आहे : 'मी येईन'. 'मला' घेऊन येणारी वाक्यं सुरक्षित : 'मला तिचा आवाज ऐकू येतो'. 'मी वाट पाहत आहे' चालतं, 'पाहतोय' किंवा 'पाहतेय' लिहिलं की गुपित गेलं. 'विसरणे', 'बोलणे', 'शिकणे' ही क्रियापदं दगा देतात. त्यांचा भूतकाळ कर्त्याप्रमाणे चालतो. 'एकटा', 'दमलेली' अशी विशेषणंही तपासा. असं लेखन लांबलं की कसरत दिसायला लागते, म्हणून हे तुकडे दीडशे-दोनशे शब्दांच्या वर नेऊ नका. या बंधनामुळे येणारी तुटक, कोरडी लय पाळतखोराच्या आवाजाला शोभते, हा वरचा फायदा.

आता शेवट. रोमान्स म्हणून पुस्तक विकायचं तर वाचकाची अपेक्षा ठरलेली असते : प्रेमकथा केंद्रस्थानी आणि शेवट आशादायक. पण पात्रं सतराची आहेत. जन्मभराची साथ, लग्न, दहा वर्षांनंतरचा उपसंहार यातलं काही लागत नाही. 'सध्यापुरतं सुखी' पुरतं : दोघं जिवंत आहेत, खरं बोललेत आणि पुढच्या आठवड्यात भेटणार आहेत. नायकानेच गुन्हा केला असा शेवट तुम्हाला खुणावत असेल तर जरूर करा. मात्र तेव्हा ते पुस्तक प्रेमाची किनार असलेला थ्रिलर होतं, आणि मलपृष्ठावरच्या मजकुराने तसंच सांगायला हवं. गोड प्रेमाचं आश्वासन देऊन शेवटी हातात प्रेत दिलं की वाचक चिडतो, आणि पुढचं पुस्तक घेत नाही. मधला मार्गही आहे. नायक खुनी नाही, पण त्याने गप्प राहून झालेलं नुकसान खरं आहे, आणि नायिका त्याला लगेच माफ करत नाही. तुमच्या कथेला मला हाच जास्त शोभेलसा वाटतो, कारण त्या बेपत्ता मुलीच्या आईवडिलांनी वर्षभर जे भोगलं, ते एका मिठीत धुऊन निघत नाही.

दुरुस्तीला पहिल्या पानापासून बसू नका. आधी गुपित एका वाक्यात लिहा, मग तीन रकान्यांचा तो कागद भरा. रिकामे रकाने ज्या प्रकरणांत निघतील तेवढीच आधी उघडा. माझ्या अंदाजाने ती चार किंवा पाच असतील, आणि मनगटाचा प्रसंग त्यात असेलच. नायकाची 'मी'ची प्रकरणं खोडू नका, वेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवा. त्यातली माहिती नायिकेला दिसणाऱ्या वस्तूंमधून परत आणायची आहे. हे सगळं झाल्यावर खर्डा दोन नव्या वाचकांना द्या आणि 'नायक आवडला का' असं विचारू नका. तीस, पन्नास आणि पंचाहत्तर टक्क्यांवर त्यांना थांबवून एकच विचारा : 'आत्ता तुझा त्याच्यावर विश्वास आहे का, आणि कशावरून?' पन्नासला 'हो, पण' आणि पंचाहत्तरला 'नाही, पण' असं उत्तर आलं, तर नायक जागेवर बसला.